ज्युदो शिकायला येणाऱ्यांसाठी: मॅटवरचा आदर

रत्नागिरीत ज्युदोच्या वर्गाला नव्याने येणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची पहिली तक्रार ठरलेली असते: पहिले काही आठवडे नुसते वाकून नमस्कार करण्यात आणि पडायला शिकण्यात जातात, डाव कधी शिकवणार? माझ्या मते या दोन गोष्टी आल्याखेरीज डाव शिकवणेच धोक्याचे आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एका मंदिरात कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून, म्हणजे रान्दोरीतून, वगळले. त्यामुळे पूर्ण ताकद लावूनही दोघे धडधाकट घरी जाऊ शकतात. मात्र त्यासाठी समोरच्याने आपले शरीर विश्वासाने आपल्या हाती द्यावे लागते.

हा विश्वास कसा सांभाळायचा, हे ओगोशीसारख्या, म्हणजे जोडीदाराला कमरेवर घेऊन फेकण्याच्या, साध्या डावातही दिसते. उजव्या बाजूने फेकताना आपल्या डाव्या हातात जोडीदाराची उजवी बाही असते. तो मॅटवर आदळण्याच्या क्षणी ती बाही सोडून न देता वर ओढून धरली, तर तो कुशीवर पडतो, त्याचा डावा हात मॅटवर आपटायला मोकळा राहतो आणि डोके वर राहते. फेकल्याच्या आनंदात बाही सोडणारा विद्यार्थी कितीही लवून नमस्कार करो, त्याला आदर कळलेला नाही. जमिनीवरच्या पकडीतही तसेच आहे: जोडीदाराने दोनदा थाप मारली, किंवा हात अडकल्यामुळे पाय आपटला अथवा तोंडाने ‘माइत्ता’, म्हणजे ‘हरलो’, म्हटले, की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. तो खरोखर हरला का, हे तपासत बसायचे नसते. गळ्याच्या पकडीत काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते.

कोकणातल्या पावसाळ्यात स्वच्छता हा सौजन्याचाच भाग ठरतो. जाड सुती ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर, कुबट वास येणारी ज्युदोगी घालून दुसऱ्याच्या छातीला छाती लावणे हा अन्यायच आहे. परवडत असल्यास पावसाळ्यासाठी पातळ कापडाची दुसरी ज्युदोगी घ्यावी, नाही तर पंख्याखाली तरी वाळवावी. नखे कापलेली असावीत, तांबड्या चिखलाचे पाय नळावर धुऊन पुसावेत, चपला मॅटच्या कडेपर्यंत घालाव्यात आणि अनवाणी पायांनी शौचालयात जाऊन तसेच मॅटवर येऊ नये. त्वचेचे संसर्ग असेच पसरतात.

टोमणे मारण्यात आपण कोकणी माणसे कोणाला हार जाणार नाही, परंतु पडलेल्याची फिरकी मॅटवर घेऊ नये, कारण हसे होईल या भीतीने मुले अंग ताठ ठेवून पडतात आणि मनगट दुखावून घेतात. आपल्याहून हलका किंवा नवखा जोडीदार मिळाला म्हणून तोंड वाकडे करू नये. वरच्या पट्ट्याच्या दादाला किंवा ताईला मान द्यावा, पण मुद्दाम पडून देऊ नये. खोट्या पडण्यातून त्यांना आपल्या डावातली चूक कधीच कळत नाही. गुरुपौर्णिमेला सरांच्या पाया पडणे ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे, परंतु मॅटवरचा नमस्कार दुतर्फा असतो, तेथे सरही विद्यार्थ्यांसमोर वाकतात. म्हणून शिस्तीच्या नावाखाली कोणी मारहाण करत असेल किंवा दुखापत असतानाही खेळायला लावत असेल, तर तो वर्ग खुशाल सोडावा.

पावसकडून किंवा जयगडकडून येणाऱ्यांची एसटी हमखास उशीर करते. अशा वेळी धावत मॅटवर चढू नये. कडेला गुडघे टेकून बसावे, सरांनी खूण केल्यावर नमस्कार करून आत यावे आणि अंग मोकळे करूनच जोडीदार मागावा.