विद्यापीठ बदलताना क्रेडिट वाया कसे जाऊ देऊ नयेत

वडोदऱ्यातील मराठी घरांतली मुले महाराजा सयाजीराव विद्यापीठात वर्ष-दोन वर्षे शिकून पुण्याला जायचे ठरवतात, तेव्हा दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत त्यांना एकच सल्ला मिळतो: क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, क्रेडिट बँकेत (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात) जमा आहेत, आता काळजी नाही. या सल्ल्याने मुलांचे सत्र वाया जाते.

डिजिलॉकरमधून अपार क्रमांक (क्रेडिट खात्याला जोडलेला विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढावा आणि आधारवरील नाव गुणपत्रिकेशी जुळते का, ते पाहावे; गुजरातच्या गुणपत्रिकांवर आडनाव बहुधा आधी असते, तिथेच घोटाळा होतो. क्रेडिट विद्यापीठच जमा करते, विद्यार्थ्याला ते भरता येत नाहीत; कमी दिसल्यास परीक्षा विभागाला लेखी कळवावे.

आता समकक्षता, म्हणजे जुना विषय नव्या विद्यापीठातील विषयाच्या तोडीचा मानला जाणे. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी उभी राहिलेली क्रेडिट बँक क्रेडिट सांभाळते, पण कोणत्या विषयाऐवजी ते धरायचे हे नवे विद्यापीठच ठरवते. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे 15 किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. त्यामुळे चार क्रेडिटचा विषय एका ठिकाणी तीन व्याख्यानाचे व एक प्रात्यक्षिकाचे असा, तर दुसरीकडे दोन-दोन असा असू शकतो. आकडा सारखा असला तरी नव्या विद्यापीठाची समकक्षता ठरवणारी समिती अडून बसते आणि राहिलेले प्रात्यक्षिक पुन्हा करायला लावते.

म्हणून स्वतः ज्या वर्षी शिकलात, त्याच वर्षीचा अभ्यासक्रम तासांच्या विभागणीसह विभागाकडून साक्षांकित करून घ्यावा. संकेतस्थळावरचा ताजा अभ्यासक्रम छापून नेणे व्यर्थ आहे, कारण तुमची परीक्षा त्यावर झालेली नसते. प्रत्येक विषयासमोर नव्या विद्यापीठातील विषय, क्रेडिट आणि तास लिहिलेला तक्ता आपणच तयार करून विभागप्रमुखांपुढे ठेवावा. ते काम त्यांच्यावर सोपवल्यास आठवडे जातात. शेवटी कोणते विषय मान्य झाले आणि कोणते पुन्हा करायचे, हे लेखी घ्यावे. माझ्या पुतणीला एका महाविद्यालयात 'होऊन जाईल' असे तोंडी सांगितले गेले आणि प्रवेशानंतर दोन विषय तिच्या माथी मारले गेले. लेखी आदेश हाती येईपर्यंत जुना प्रवेश रद्द करू नका. हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

वेळेचाही विचार करावा. क्रेडिट बँकेच्या त्याच नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचे 120 धरले, तर 80 मिळवून तिसऱ्या वर्षी गेलेल्या विद्यार्थ्याचे तिथे 40 च होतात, हवे असतात 60. एका वर्षानंतर जाणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. शिवाय जमा क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे असते.

यानंतर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचा पात्रता अर्ज, एवढेच उरते.