हाय-फाय संचासाठी केबलची निवड

केबल विकत घेण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर कुठे ठेवायचे हे पक्के करावे आणि वायर भिंतीच्या कडेने जशी जाणार आहे तसे अंतर टेपने मोजून घ्यावे. त्यात अर्धा-एक मीटर वाढवावा. दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची वायर द्यावी.

स्पीकरच्या वायरीत सर्वांत आधी जाडी पाहावी. २.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे इलेक्ट्रिशियन जिला 'अडीचची' म्हणतात ती तांब्याची दुपदरी वायर पाच मीटर टाकली, तर दोन्ही पदरांचा मिळून रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो; ०.७५ च्या वायरीत तोच सुमारे ०.२३ ओहम होतो. हा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या, म्हणजे स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या रोधाच्या, पाच टक्क्यांच्या आत असावा, असा ढोबळ नियम आहे. आठ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे बारीक वायरही चालून जाते, पण चार ओहमच्या स्पीकरला ती अपुरी पडते. साध्या दिवाणखान्यात अडीचची वायर घेतली की हा प्रश्न मिटतो, आणि त्याहून महाग वायरीवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे स्पीकरवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असो वा ऑनलाइन, स्वस्त वायर घेताना ती निव्वळ तांब्याची आहे ना, हे मात्र विचारावेच. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर वजनाला हलकी असते आणि तिची तार ब्लेडने खरवडली की आत पांढरट धातू दिसतो. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असल्याने ती घ्यायचीच झाली, तर एक माप जाड घ्यावी.

टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या केबलची निवड जास्त बारकाईने करावी लागते, कारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला, चुंबकाच्या हालचालीतून सिग्नल बनवणारा भाग) उच्च स्वरांवर केबलच्या कपॅसिटन्सचा, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा, खरोखर परिणाम होतो. ऑर्टोफॉनच्या टूएम रेड या कार्ट्रिजसाठी कंपनी १५० ते ३०० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचे एकक) सुचवते. या आकड्यात टोनआर्ममधील (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीतील) वायर, केबल आणि फोनो प्रीअ‍ॅम्प (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) या तिन्हींची बेरीज धरायची असते. अनेक केबलींचा कपॅसिटन्स मीटरमागे शंभर पिकोफॅरडच्या आसपास असतो, म्हणून केबल मीटरभरच ठेवावी आणि आकडा छापलेली घ्यावी. टर्नटेबलला अर्थिंगची वेगळी वायर असल्यास ती फोनो प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला जोडावी. ती सुटी राहिली की बहुधा घुमघुम ऐकू येते.

सीडी प्लेअर किंवा डॅकसाठी (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारे उपकरण) चांगल्या शील्डची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट रोखणाऱ्या धातूच्या आवरणाची, प्लग घट्ट बसणारी साधी आरसीए केबल (ऑडिओची नेहमीची लाल-पांढऱ्या प्लगची) पुरते. डिजिटल सिग्नल नेणारी कोअ‍ॅक्सियल केबल (मधल्या तारेभोवती जाळीचे आवरण असलेली) ७५ ओहम इम्पिडन्सची असावी. सिग्नलच्या केबली विजेच्या वायरींना समांतर नेऊ नयेत. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात.

मुंबई-कोकणाच्या दमट, खारट हवेत उघडे तांबे लवकर काळवंडते. तिथे सोन्याचा मुलामा दिलेले प्लग उपयोगी पडतात. आवाज त्यांनी बदलत नाही, सांधा मात्र टिकतो. उघडी टोके हिरवी पडली असतील तर तेवढा भाग कापून वायर पुन्हा सोलावी. जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा, दोन्ही स्पीकरना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला लावावे, आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही हे पाहूनच स्विच लावावा.