इंडिकेटर लागत नाही? नवा स्विच घेण्याआधी या चुका टाळा

खानापूर-जांबोटीकडे पावसाळाभर दुचाकी भिजते, आणि पाऊस उघडला की निपाणी-संकेश्वर भागात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. रात्री अशा ट्रॉलीच्या मागून वळायचं तर हात दाखवून भागत नाही. तरीही इंडिकेटरचं बटण अडकायला लागलं की लोक "चालतंय की" म्हणत ढकलतात, आणि शेवटी गॅरेजात जाऊन थेट नवा स्विच सेट बसवून येतात. पुष्कळदा जुना स्विच नुसता मळलेला असतो. कधी तर दोष त्याचा नसतोच.

लक्षण न बघता स्विच बदलणं

एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर मारत असेल तर स्विचला हात लावू नका. त्या बाजूचा एक बल्ब उडालाय किंवा त्याचं अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर) सैल आहे. एलईडी बसवल्यावर हे सुरू झालं असेल तर एलईडीला चालणारा फ्लॅशर (दिव्याची उघडझाप करणारा छोटा भाग) घाला, विषय संपला. दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज, मग फ्लॅशर. एक बाजू ठणठणीत आणि दुसरीकडे पुढचा-मागचा एकही दिवा लागत नसेल, तर फ्लॅशर चांगला आहे. तिथे स्विचवर किंवा त्या बाजूच्या वायरीवर संशय घ्या. बटण जरा दाबून धरल्यावर लागतो? मग आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे धातूचे तुकडे, खराब झालेत. हँडल वळवलं की बंद पडतो? हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटलीय. वरचं प्लास्टिक शाबूत असल्यामुळे ती दिसत नाही.

खात्री करायची तर हेडलाइटमागचा स्विचचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवा. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये फ्लॅशरकडून येणारी वायर राखाडी, डावी नारिंगी, उजवी आकाशी असते. इतर गाड्यांचे रंग वेगळे, म्हणून आधी वायरिंगचा नकाशा बघा. किल्ली चालू करून गाडीकडच्या अर्ध्या कपलरमध्ये राखाडी आणि नारिंगी छोट्या वायरीने जोडा. डावे दिवे मारायला लागले तर स्विच दोषी. नाहीच लागले तर नवा स्विच घालूनही लागणार नाहीत. जोडवायर अर्थला मात्र टेकू देऊ नका, फ्यूज जाईल.

धुताना आणि साफ करताना

वॉशिंगवाला प्रेशरचा फवारा सरळ स्विचवर धरतो आणि वर चमक यावी म्हणून डिझेल मारतो. पाणी आत राहून पितळी पॉइंट हिरवे पडतात, डिझेलवर लाल माती बसते. धुवायला देतानाच त्याला सांगा, किंवा हँडलवर पिशवी बांधा.

उघडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि खाली परात ठेवा. खालचे दोन स्क्रू सुटून स्विचचे भाग वेगळे झाले की आतली बारीक स्प्रिंग आणि स्टीलची गोळी टुणकन उडते. ती हरवली तर चांगला स्विचही गेला. खोलताना मोबाइलवर फोटो काढत चला. पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा गेला की ते आणखी लवकर काळे पडतात. पेट्रोल तर नकोच: आगीचा धोका, वर काही प्लास्टिक खराब होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, आणि वाळल्यावर सरकत्या भागाला अगदी थोडं ग्रीस. जास्त थापलं की धूळ धरतं.

तुटलेली वायर पिळून चिकटपट्टी गुंडाळणं ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी दुरुस्ती. पहिल्या पावसात ती परत बोंबलते. सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह चढवा, आणि मानेपाशी वायरीला हँडल पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा.

स्विच खरंच गेला असेल तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कपलर बदललेले असतात. "कापून जोडून देतो" म्हणणाऱ्याकडून घेण्यापेक्षा बरोबर कपलरचा सेट मागवायला सांगा आणि दोन दिवस थांबा.