जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांवरचे लेख कसे शोधावेत?

कोण जिंकले आणि किती सेकंदांत, हे इंटरनेटवर लगेच सापडते. वाद कशावरून पेटला, तेव्हाच्या लोकांना काय वाटले, हे मात्र त्या काळच्या साप्ताहिकांत आणि मासिकांत वाचावे लागते. त्यासाठी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नियतकालिकांच्या लेखसूची मागा. कोणत्या विषयावरचा लेख कोणत्या अंकात आला, हे या सूचींच्या खंडांत विषयाच्या शीर्षकाखाली दिलेले असते. इंग्रजी मासिकांसाठी १९०१ मध्ये सुरू झालेली ‘रीडर्स गाइड टू पीरिऑडिकल लिटरेचर’ चांगली. क्रीडाशास्त्रातील संशोधनपर लेखांसाठी ‘स्पोर्टडिस्कस’ हा डेटाबेस पाहावा.

आधी प्रश्न नेमका करा. नुसते ‘ऑलिंपिक’ शोधले तर नोंदींचा ढीग समोर येईल. ‘१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवरील बहिष्कार’ असे ठरवले की दिशा मिळते.

मग स्पर्धेचे त्या काळचे नाव शोधा. बहुतेकांचा शोध इथेच अडतो. आजची राष्ट्रकुल स्पर्धा १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टनला ‘ब्रिटिश एम्पायर गेम्स’ म्हणून भरली. १९५४ मध्ये त्या नावात ‘कॉमनवेल्थ’ आले, १९७० मध्ये ‘एम्पायर’ गेले आणि १९७८ पासून नुसते ‘कॉमनवेल्थ गेम्स’ उरले. जुन्या खंडांत आजच्या नावाखाली काहीच दिसले नाही, तर लेखच नाहीत असे समजू नका. शीर्षकाखालच्या ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ या सूचनांचा माग काढा. मॉस्कोवरचा बहिष्कार सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यामुळे होता, म्हणून त्यावरचे लेख ‘अफगाणिस्तान’ या शीर्षकाखालीही असू शकतात.

सूचीचा खंड निवडताना स्पर्धेच्या तारखांवर थांबू नका. मेलबर्न ऑलिंपिक १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाले, पण ऑस्ट्रेलियातील प्राण्यांच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारीच्या स्पर्धा त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला उरकल्या होत्या. शिवाय डिसेंबरच्या स्पर्धेवरचे सविस्तर लेख पुढच्या वर्षीच्या अंकांत येतात. म्हणून मागचा-पुढचा खंडही चाळावा.

नोंद सापडली की लेखाचे शीर्षक, मासिकाचे नाव, खंड, पृष्ठे आणि तारीख जशीच्या तशी उतरवून घ्या. मासिकांची नावे संक्षिप्त असतात. त्यांचा उलगडा बहुधा सूचीच्या सुरुवातीच्या पानांवर दिलेला असतो.

शेवटी ते मासिक ग्रंथालयात आहे का, हे तालिकेत (कॅटलॉगमध्ये) पाहा. छापील अंक नसेल तर मायक्रोफिल्मची, म्हणजे पानांची बारीक छायाचित्रे असलेल्या फिल्मची, चौकशी करा. तीही नसेल, तर ग्रंथपालांना दुसऱ्या ग्रंथालयातून त्या लेखाची प्रत मागवायला सांगा. ऑलिंपिकचे अधिकृत अहवाल हवे असतील, तर लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात ते मोफत वाचता येतात.