पेशींचे रासायनिक संदेश: अभ्यास करताना या चुका टाळा

बारावीच्या आणि नीटच्या मुलांना हा भाग सोपा वाटतो. नावं पाठ होतात, आकृतीही येते. मग प्रश्न येतो, 'ॲड्रेनालिन भरपूर आहे, तरी यकृतात ग्लायकोजेन फुटत नाही, का?' आणि पेन थांबतं. (ग्लायकोजेन म्हणजे यकृतात साठवलेली साखर.) पाठांतर चोख असतं. ही साखळी कुठून कुठे जाते, तेच डोळ्यांसमोर नसतं.

संप्रेरक (हार्मोन) पेशीत शिरतं असं धरून चालणं

सर्रास आढळणारी चूक. ॲड्रेनालिन, ग्लुकॅगॉन, इन्सुलिन हे सगळे पेशीपटलावरच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, बाहेरूनच चिकटतात. बेल वाजवणाऱ्याला घरात यावं लागत नाही, तसंच.

अर्ल सदरलँड यांच्या गटाने १९५०च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं. यकृताच्या पेशी फोडून केलेल्या द्रावणात ॲड्रेनालिन घातलं की ग्लायकोजेन फोडणारं विकर (एन्झाइम) सक्रिय व्हायचं. मग त्यांनी पेशीपटलाचे तुकडे सेंट्रिफ्यूजने वेगळे केले. उरलेल्या द्रावणात विकर होतं, ॲड्रेनालिनही घातलं, पण काही घडेना. वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवर ॲड्रेनालिन घालून जे तयार झालं ते या द्रावणात मिसळलं, तेव्हा मात्र विकर कामाला लागलं. तो पदार्थ उकळूनही टिकत होता, म्हणजे प्रथिन नव्हे. तोच सायक्लिक एएमपी, पेशीच्या आत संदेश पुढे नेणारा रेणू. सदरलँड यांना १९७१चं नोबेल मिळालं. माझ्या मते आकृती पाठ करण्याआधी हा प्रयोग वाचावा.

आता वरचा प्रश्न सुटतो. रिसेप्टर, जी-प्रथिन (रिसेप्टरचा संदेश पुढे देणारं), ॲडिनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारं विकर), सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए (त्याने चालू होणारं विकर) अशी साखळी मांडा आणि मधोमध तपासा. सायक्लिक एएमपी वाढलाय? मग बिघाड त्याच्या पुढे आहे. वाढलाच नाही? मग मागे शोधा, किंवा तो तयार होताच नष्ट होतोय का ते पाहा.

इन्सुलिन साखरेला स्वतः आत घेऊन जातं, हे याच गैरसमजाचं भावंड. स्नायू आणि चरबीच्या पेशींत इन्सुलिनच्या संदेशामुळे ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीपटलावर येतात आणि साखर त्यांच्यातून आत जाते. खरोखर आत शिरणारी म्हणजे कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेनसारखी स्टिरॉइड संप्रेरकं. ती मेदात विरघळतात, म्हणून मेदाच्या पेशीपटलातून पार होतात.

परिणाम रसायनावर ठरतो असं मानणं

ॲसिटिलकोलिन हे चेतापेशींतून सुटणारं संदेशवाहक रसायन. 'ॲसिटिलकोलिन काय करतं?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या पेशीत, ते आधी विचारा. हातापायाच्या स्नायूला ते आकुंचन पावायला लावतं, हृदयाचे ठोके मात्र मंद करतं. रेणू एकच, स्नायूवर निकोटिनिक रिसेप्टर, हृदयावर मस्कॅरिनिक. उत्तरात रिसेप्टरचा प्रकार लिहिला नाही, तर उत्तर अपुरंच.

संदेश थांबतो कसा, हे सोडून देणं

पुस्तकात यावर दोन ओळी असतात, म्हणून मुलं तो भाग गाळतात. जीव मात्र त्याच भागावर अवलंबून असतो. चेतासंधीत (चेतापेशी आणि पुढची पेशी यांच्यातल्या जागेत) ॲसिटिलकोलिनचं काम झालं की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हे विकरच निकामी करतात. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा नाव पुढे आलेलं मोनोक्रोटोफॉस याच गटातलं. ॲसिटिलकोलिन साचत जातं: लाळ, घाम, छातीत स्राव, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात.

या विषबाधेवर ॲट्रोपीन हे औषध देतात. इथे हमखास लिहिलं जाणारं चुकीचं उत्तर म्हणजे 'ॲट्रोपीन ॲसिटिलकोलिन तोडतं'. ते फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं. त्यामुळे स्राव आटतात, ठोके सुधारतात, पण स्नायूंची कमजोरी जात नाही, कारण तिथले रिसेप्टर निकोटिनिक. मागच्या मुद्द्यातला फरक कळला असेल, तर हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कॉलऱ्यात संदेश न थांबण्याचा हाच प्रकार पेशीच्या आत घडतो. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींतलं जी-प्रथिन चालू स्थितीतच अडकवून ठेवतं. सायक्लिक एएमपी वाढतच राहतो. क्लोराइड आणि त्यामागून पाणी आतड्यात वाहतं. हे विष जंतूपासून वेगळं काढूनही तसाच परिणाम करतं, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारा वाहक मात्र या विषाने बिघडत नाही. ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर असते ती त्यासाठीच: दोन्ही मिळून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही.