कमी ऊर्जेचं मोतीबिंदू यंत्र तपासताय? या चुका टाळा

फेको म्हणजे अल्ट्रासाउंडच्या ऊर्जेने मोतीबिंदू फोडून काढणं; त्याची सुई सेकंदाला साधारण 40 हजार वेळा थरथरते. ही ऊर्जा कमी करणारं नवं यंत्र आलं की सगळे स्क्रीनवरचा आकडा बघत बसतात. पण मोजायचा असतो कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. त्याच्या आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

मोठी चूक होते रुग्ण निवडताना. मऊ मोतीबिंदूत कुठलंही यंत्र हुशारच दिसतं. खरी परीक्षा जत-आटपाडीकडून मिरजेला येणाऱ्या आजोबांच्या डोळ्यात असते. काहीच दिसेना झाल्यावर घरच्यांनी आणलेलं, आणि मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा. असे डोळे 'अवघड' म्हणून गाळले तर निकाल छान येतो आणि कामाचा राहत नाही. एलओसीएस 3 या मोतीबिंदूच्या प्रतवारीप्रमाणे कडकपणा आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकूनच यंत्र ठरवा. शिवाय असे मोतीबिंदू आपल्याकडे बरेचदा एसआयसीएसने, म्हणजे छोट्या चिरेतून हातानेच काढतात, ज्यात अल्ट्रासाउंड लागतच नाही. मग तुलना फक्त फेकोशी का?

एका कंपनीचा सीडीई (एकूण खर्च झालेली ऊर्जा) दुसऱ्या कंपनीच्या ईपीटीशी (फेको चालल्याचा परिणामी वेळ) ताडून पाहू नका, ती मापंच वेगळी. निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारेचा फास मोतीबिंदू कापताना अल्ट्रासाउंड वापरत नाही, हे खरं. पण तुकडे बाहेर काढायला पुढे फेको लागला असेल, तर तीही ऊर्जा हिशेबात धरा.

ऊर्जा कमी, तरी दुसऱ्या दिवशी कॉर्निया धूसर? आधी डोळ्याचा दाब बघा. आत राहिलेला व्हिस्को, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेलं जेल, तो वाढवतो. मग किती पाणी वाहिलं, तुकडे कॉर्नियावर आपटले का, चिरेजवळ डेसेमेट (कॉर्नियाचा आतला पातळ पापुद्रा) सुटलंय का, हे तपासा. सुजलेल्या कॉर्नियाची स्पेक्युलर (आतल्या पेशींचा फोटो) काढण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पॅकीमेट्री करा, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजा. स्पेक्युलर शस्त्रक्रियेआधी आणि तीन महिन्यांनी, दोन्ही वेळा मधल्याच भागाची. वीस-पंचवीस पेशी मोजून घनता काढली असेल तर ती धरू नका.

सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी पहिल्या रुग्णाआधी, संमतीपत्र मराठीत. यात सबब चालत नाही.

तीन महिन्यांची तारीख उसाच्या हंगामात पडली तर निम्मे घरचे फडात असतात, आजोबांना आणणार कोण? तारीख देतानाच सुनेचा किंवा शेजाऱ्याचा मोबाईल नंबर घ्या आणि एसटीच्या भाड्याची तरतूद एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून ठेवा.