लकव्यानंतरचा घोट्याचा ब्रेस: सेटिंग तपासताना या चुका टाळा

"मॅडम, पाऊल आता घासत नाही बघा!" काकू खूश होत्या. लकव्यानंतर ब्रेस लावलेले काकाही हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून खुर्चीत टेकले. मी मात्र त्यांचा गुडघा बघत होते. पाय टेकला की दर वेळी तो धनुष्यासारखा मागे वाकत होता. पाऊल सुटलं होतं, पण भार गुडघ्यावर येत होता. असंच वर्षभर चालले असते तर गुडघेदुखी ठरलेलीच.

ब्रेस घोट्याला बांधतात, पण तो नीट लागलाय की नाही हे गुडघा सांगतो. घरचे लोक फक्त पावलाकडे बघतात, आणि पहिली चूक तिथेच होते.

स्क्रूवाल्या एएफओमध्ये, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या या ब्रेसमध्ये, घोट्यापाशी सांधा असतो आणि चांगल्या सांध्याला पुढे-मागे अशी दोन भोकं असतात. मागच्या भोकात स्प्रिंग टाकली की पाऊल वर उचलायला मदत होते. स्प्रिंगऐवजी पिन टाकली तर पाऊल ठरावीक कोनाच्या खाली जातच नाही. पुढच्या भोकातली पिन नडगीला पुढे कोसळू देत नाही. आता पाऊल खाली झुकलेल्या कोनात अडकवलं, तर तळवा टेकल्यावर नडगी मागे कलते आणि गुडघा मागे जातो. उलट पाऊल जास्त वर ओढून ठेवलं, तर टाच टेकताच नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा अचानक वाकतो. म्हणून बाजूने व्हिडिओ काढा, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून. समोरून काढलेल्या व्हिडिओत यातलं काही दिसत नाही.

बूट घालून चाचणी, घरात अनवाणी

आपल्याकडे हमखास होणारी चूक हीच. क्लिनिकमध्ये स्पोर्ट्स शूज घालून सेटिंग ठरतं. घरी आल्यावर बूट दाराशी निघतात आणि ब्रेस तसाच फरशीवर. बुटाची टाच चवड्यापेक्षा दीड सेंटिमीटर उंच असेल आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर १७ सेंटिमीटर धरलं, तर बूट काढल्याबरोबर नडगी साधारण ५ अंश मागे कलते. स्क्रूला कोणी हात लावलेला नसतो, तरी सेटिंग बदललेलं असतं! शिवाय नुसतं प्लॅस्टिक गुळगुळीत फरशीवर सरकतं ते वेगळंच. काकांचं नेमकं हेच झालं होतं. उपाय साधा आहे: त्याच उंचीचा, धुतलेल्या तळाचा दुसरा जोड फक्त घरात वापरायला ठेवायचा. देवघरापाशी बूट नको म्हणून काकू आधी कुरकुरल्या, पण ऐकलं.

एकाच दिवशी तीन बदल

स्प्रिंग बदलली, कोन बदलला, बूटही नवा घेतला. चाल सुधारली तर कशामुळे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधीच्या स्थितीत स्क्रू किती वळला होता ते वहीत लिहून ठेवायचं. स्क्रू फिरवायचं काम ऑर्थोटिस्टचं, म्हणजे ब्रेस बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाचं. यूट्यूब बघून घरी अ‍ॅलन की हातात घेऊ नका.

बरं वाटणं आणि चाल बरी होणं यांत फरक आहे, म्हणून वेळ मोजा. मधल्या १० मीटरची वेळ घ्यायची, आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळे सोडून. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर होतो. साडेबारा सेकंद लागले तर ०.८. ०.४ च्या खाली वेग असलेला माणूस बहुधा घरापुरताच चालतो आणि ०.८ च्या वर गेलेला बाहेर बऱ्यापैकी मोकळा फिरू शकतो, असा ढोबळ हिशेब चालीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन डॉक्टर जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला. प्रत्येक सेटिंगवर दोन-तीनदा मोजा, मध्ये बसू द्या. नाहीतर शेवटचं सेटिंग उगाच वाईट ठरतं, कारण तोवर माणूस दमलेला असतो. वेळ कमी झाली पण गुडघा मागे जातोय, तर ते सेटिंग नापास.

सपाट हॉलमधली सरळ चाल पुरेशी नाही. वळायला लावा, उंबरठा आणि जिना करून बघा. खुर्चीतून उठताना नडगी पुढे यावी लागते; पुढची पिन फार घट्ट असेल तर माणूस बुडावरच अडकतो. चालायला उत्तम वाटणारा ब्रेस इथे नापास होताना मी पुष्कळदा बघितलाय.

पोटरी आखडलेली असेल तर घोटा जबरदस्तीने ९० अंशांवर ओढू नका. आतल्या आत टाच उचलली जाते आणि पट्टे कितीही आवळले तरी पाय वर सरकतो. अशा वेळी कोन पोटरीला झेपेल तेवढाच ठेवून टाचेखाली वेज (पाचरीसारखा तुकडा) देतात. टाच बसली आहे का ते बघायला मोज्याच्या आणि प्लॅस्टिकच्या मध्ये टाचेखाली कागदाची पट्टी ठेवा आणि उभं करा. पट्टी सहज ओढून निघाली तर टाच वरच आहे. बांधताना आधी घोट्यासमोरचा पट्टा, मग पोटरीचा.

पहिल्या दिवशी तासभर पुरे. काढल्यावर लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो ब्रेस पुन्हा घालायचा नाही, आधी दाखवायचा. मधुमेह असेल किंवा पायाला संवेदना कमी असेल तर रोज टाच, घोट्याची हाडं आणि करंगळीची कड डोळ्यांनी बघा, कारण "दुखत नाही" या उत्तराला तिथे अर्थ नसतो.

सेटिंग पक्कं झालं की स्क्रूच्या डोक्यावरून सांध्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून घ्या. चालता चालता स्क्रू ढिले होतात. रेघ तुटलेली दिसली की फोन करायचा. काकूंनी काकांच्या ब्रेसवर लाल रेघ ओढली आहे, हळदीकुंकवाच्या ताटातली असावी तशी ठळक.